नाखुना कोणत्या डोळ्यात?

माझ्या खुर्चीला चाकं आहेत. ज्या बाईला जन्मापासून एका जागी बसता येत नाही, तिला चाकांची खुर्ची कोणी द्यावी? पण इस्पितळानं दिली. तेव्हापासून मी फाइलीसाठी कपाटाकडे घरंगळते, शिक्क्यासाठी टेबलाकडे घरंगळते, आणि काहीच काम नसलं तर खिडकीकडे घरंगळते. आमची सफाईवाली मावशी म्हणते, "ताई, तुमच्या टेबलाखालची फरशी मी पुसतच नाई. तुमीच पुसून राह्यल्या."

चंद्रपुरातल्या एका डोळ्यांच्या इस्पितळात मी कोडिंग करते. कोडिंग म्हटलं की माझ्या भाच्याला वाटतं मी मोबाइलचं अ‍ॅप बनवते. तसलं काही नाही. डॉक्टर डोळा तपासतात, आपल्या अक्षरात चार ओळी खरडतात, आणि मी त्या ओळींवरून रोगाचा कोड लावते: एक इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडे. सरकारी योजनेतून ऑपरेशन करायचं तर नुसतं रोगाचं नाव चालत नाही. कोड लागतो, डॉक्टरची नोंद लागते, डोळ्याचा फोटो लागतो, आणि पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली हकिकत लागते. हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. सोयरिकीत पत्रिका जुळवतात तसं. फरक इतकाच की सोयरिकीत एखादा गुण कमी पडला तर भटजी काहीतरी तोड काढतात. योजनेत भटजी नसतो.

कोडांची ती लांबच लांब यादी मी रिकाम्या वेळात गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचते. त्यात फक्त रोग नाहीत, कोणी काय चावलं याचेही कोड आहेत. उंदीर चावला तर वेगळा. कुत्रा चावला तर वेगळा. मगरीला तर खास स्वतंत्र कोड, जणू ती रोज बसस्टँडवर उभी असते. आणि आमचा वाघ? ज्याच्या नावावर या जिल्ह्यातली निम्मी हॉटेलं चालतात तो? शोधून शोधून थकले, आणि शेवटी तो 'इतर सस्तन प्राणी' या सदरात गाई-म्हशींच्या पंगतीत बसलेला सापडला. जेवणाच्या सुट्टीत हे सांगितलं तेव्हा आमचे डॉक्टर इतके हसले की डब्यातलं वरण शर्टावर आलं. ताडोब्याच्या वेशीवरच्या मोहर्लीच्या लोकांना सांगायची मात्र माझी छाती नाही.

मोहर्लीचीच ही बाई.

ती आली तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, पावसाळाभर बंद असतो, ऑक्टोबरात उघडतो. बाहेर ढग भरून अंधारलेलं आणि ही आपली काळा गॉगल लावून माझ्या टेबलासमोर उभी. बसा म्हटलं तर बसली नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत राहिली. मला तिथंच आवडली.

"ताई, मी गाइड आहो, मोहर्लीच्या गेटवर. डॉक्टरनं पाह्यलं, इथी पाठोलं."

"गॉगल काढा पाहू."

"काढते. पण घाबराचं नाई."

गॉगल काढला. नाकाकडच्या कोपऱ्यातून गुलाबी मांसाची एक घडी निघाली होती आणि तिचं टोक बुबुळावर चढलं होतं, पातळ, नखासारखं. आमच्याकडे याला नाखुना म्हणतात. डॉक्टर टेरिजियम म्हणतात. उन्हात, धुळीत, धुरात ज्यांचा जन्म जातो त्यांना होतो. तेंदूपानं तोडणाऱ्या बायकांमध्ये मी चिक्कार पाहिलाय. उघड्या जिप्सीत उन्हाळाभर धूळ खाणाऱ्यांना तर तो ठरलेलाच.

"दुखतं का?"

"दुखत नाई. चुरचुरते. पण तेचं काही नाई." ती टेबलावर वाकली. "मागच्या मे महिन्यात मी सागाच्या खुंटाले वाघ म्हनलं, ताई. गाडी थांबोली. गाडीभर लोक खुंटाचे फोटो काढून राह्यले. आन ड्रायव्हर कोन? माहा नवरा. तोंड फिरवून हसला मेला. आता गेटवर मले 'खुंटवाली' म्हणून राह्यले."

मी हसले नाही. म्हणजे फार हसले नाही.

"हसा, हसा," ती म्हणाली. "पण गाइडले पह्यलं दिसाले पाहिजे. टुरिस्टनंच पह्यलं पाह्यलं तर मंग मी गाडीत कायले बसू?"

डॉक्टरांनी तिला जे सांगितलं होतं ते मला कागदावरून कळलंच. टोक अजून बाहुलीपर्यंत पोचलं नव्हतं. आता काढलं तर नजर साफ राहील. बाहुलीवर चढल्यावर काढलं तर मांस जाईल पण डाग राहील. हे ऑपरेशन करणारे डॉक्टर नागपूरहून ठरावीक दिवशीच येतात. येत्या खेपेला झालं तर गेट उघडायच्या आत जखम भरणार होती. ती खेप चुकली तर पुढची थेट हंगामात, आणि ताजी जखम घेऊन धुळीत जायला कोणी परवानगी देणार नव्हतं. म्हणजे एक तर अख्खा हंगाम घरी, नाही तर नाखुना तसाच घेऊन आणखी एक उन्हाळा.

"ताई," तिनं आवाज खाली आणला, "हे कॅन्सर तर नाई ना? आमच्या इकडे एकीनं म्हनलं."

आता इथं माझी यादी कामाला येते. मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "हे पाहा. कॅन्सर इकडे, 'सी'च्या घरात. साध्या गाठी 'डी'च्या घरात. तुमचं या दोन्ही घरांत नाव नाही. तुमचं 'एच'मध्ये, डोळ्यांच्या साध्या दुखण्यांत. ही गाठसुद्धा नाही. नुसती वाढ."

तिनं त्या एच अकराकडे बराच वेळ पाहिलं. "मंग लिवा ते एच. पक्कं लिवा."

मी पक्कं लिहिलं. मग हकिकत. कधीपासून? चार-पाच वर्षं. पाणी येतं का? येते. कोणत्या डोळ्यात?

"उजव्या."

मी 'उजवा' टाइप केलं. तिनं गॉगल परत चढवला होता. मागे सिरोंच्याहून आलेले एक आजोबा तेलुगूत कोणाला तरी फैलावर घेत होते आणि तो कोणीतरी बहुधा मीच होते. तिनं सही केली आणि फाइल गेली.

दोन दिवसांनी ती परत आली. फाइल, बाई नव्हे. वर लाल अक्षरात: पेशंटच्या हकिकतीत उजवा डोळा, डॉक्टरांच्या नोंदीत व फोटोत डावा. खुलासा करावा, पेशंटशी व्हिडिओ कॉलवर खात्री केली जाईल.

मी खुर्ची सोडून धावतच डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते कोणाच्या तरी डोळ्यात वाकून बघत होते.

"डॉक्टर, मोहर्लीच्या गाइडबाईचा कोणता डोळा?"

"डावा."

"ती उजवा म्हणते."

"ताई, डोळा तिचा असला तरी बघितला मी आहे."

हे त्यांचं बरोबर होतं. मलाही आता आठवलं: नाखुना तिच्या डाव्याच डोळ्यात होता. मग ती उजवा का म्हणाली? घाईत म्हणाली असेल, असं समजून मी फोन लावला आणि उद्याच या म्हटलं, कारण नागपूरच्या डॉक्टरांची खेप त्याच आठवड्यात होती.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या मोटारसायकलवर आली. दोघंही चिंब. नवरा उंच, शांत, बोलताना समोर बघणारा. ड्रायव्हर लोकांची सवय. दोघांना शेजारी-शेजारी बसवलं आणि मी टेबलापलीकडून विचारलं, "बाई, एकदा नीट सांगा. कोणता डोळा?"

"सांगतलं ना. उजवा."

"डावा आहे वं," नवरा म्हणाला.

"उजवा."

"अवं, डावा!"

"तुमी कधी पाह्यलं माह्या डोळ्यात? लग्नाच्या दिवशी पाह्यलं, ते शेवटचं."

"रोज पाहून राह्यलो. मले डावाच दिसते."

"तुमाले तर खुंटबी खुंटच दिसते!"

रांगेतली माणसं आपापले आजार विसरून मजेत ऐकत होती. मी मध्ये पडणार, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. योजनेचे साहेब, व्हिडिओवर. काय वेळ साधली होती! साहेबांचा चेहरा निम्माच दिसत होता, कपाळापासून नाकापर्यंत. गार पाणी घोट-घोट प्यावं तसे ते बोलायचे.

"पेशंट कोण? तुम्ही? समोर बघा. दुसऱ्या कोणी बोलू नये. ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं करायचं आहे?"

ती गॉगल काढून ताठ बसली, साहेबांच्या निम्म्या चेहऱ्याकडे सरळ बघत म्हणाली, "उजव्या."

नवऱ्यानं कपाळावर हात मारला.

"डॉक्टरांची नोंद डावा सांगते."

"साहेब, तुम्हाला दिसतच आहे ना," मी म्हणाले.

"मॅडम, मी दिसण्यावर जात नाही. कॅमेरा उलटंही दाखवतो. पेशंटनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी लिहिलेलं जुळलं पाहिजे. उद्या दुपारी मी परत फोन करतो. उद्याही नाही जुळलं, तर फाइल बंद. मग पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे काय हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिनं हातातला गॉगल मिटला. "म्हंजे या खेपेले होत नाई."

मला बसवेना. अशा वेळी काहीतरी छापायचं निमित्त काढून मी झेरॉक्स मशीनकडे जाते. ते पेशंटच्या खुर्च्यांच्या मागे, भिंतीला आहे. ती पाठमोरी बसली होती. मांडीवरच्या पिशवीत हात घालून आधार कार्ड शोधत होती. मशीन गरम व्हायची वाट बघता बघता, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून, मी विचारलं, "पाणी कोणत्या डोळ्यातून जास्त येतं?"

"डाव्यातून," ती पिशवीत बघत म्हणाली.

माझा हात मशीनवरच राहिला. मी फिरून तिच्या समोर गेले. "कोणत्या?"

तिनं वर पाहिलं. "उजव्या."

मी परत मागे. "कोणत्या, बाई?"

"डाव्या हो, ताई! किती खेपा विचारता?"

"मॅडम," नवरा हळूच म्हणाला, "तुमी काय करून राह्यल्या?"

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण खरंच बसले. "बाई, तुम्ही गाडीत कशा बसता ते सांगा."

"कशी म्हंजे? पुढच्या सीटवर, याईच्या बाजूले. पण तोंड मागं. टुरिस्ट मागं बसते ना, त्याईच्याशी बोला लागते. त्याईच्या उजव्या हाताले वाघ असन तर मी 'उजवीकडे पाहा' म्हनते. माह्या तं तो डाव्या हाताले असते." तिनं बसल्या जागी वळून दाखवलं. "पह्यल्या वर्षी चुकली होती. एका काकूले माह्या हिशोबानं 'डावीकडे' म्हनलं. काकू तिकडे पाहत राह्यली, इकडून वाघ गेला. लय रडली काकू. तवापासून समोर माणूस असला की मी त्याच्या बाजूनंच..."

ती थांबली. स्वतःच्या डोळ्याला तिनं बोट लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग बोट काढून परत लावलं.

"अरे बाप्पा," ती म्हणाली.

मला हसू आवरेना, कारण हा घोटाळा मी भोगलाय. या नोकरीआधी मी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायची. धान निघालं की गावोगावी मांडव पडायचे, आणि ऐन पंचविशीत मला खाष्ट सासूच्याच भूमिका मिळायच्या. दिग्दर्शक समोर प्रेक्षकांत उभा राहून ओरडायचा, "उजवीकडून या!" कोणाच्या उजवीकडून? त्याच्या की माझ्या? एकदा मी चुकीच्या विंगेतून घुसले, तर सुनेसाठी हात पसरून उभ्या असलेल्या नायकाच्या मिठीत सासूच जाऊन पडली. लोकांनी ते दृश्य परत मागितलं.

पण आता काम सोपं झालं असं मला वाटलं. कारण कळलं, तर उद्या 'डावा' म्हणायचं, संपलं. मी साहेबांसारखा निम्मा चेहरा फाइलीनं झाकला आणि तालीम सुरू केली. "ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं?"

"उज... डाव्या."

"असं नको, साहेब शंका घेतील. परत."

"डाव्या."

"छान! नक्की?"

"हो, म्हंजे तुमच्या की माह्या?"

परत. परत. कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता ती विचार करून सांगू लागली होती. समोर चेहरा आला की तिची जीभ आधी पलीकडे जायची, मग ती तिला ओढून परत आणायची, मग वाटायचं जास्तच ओढली. शेवटी ती म्हणाली, "ताई, आता मले काहीच समजून नाई राह्यलं. डोळे दोन आहेत एवढंच पक्कं आहे."

रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी आंघोळ करताना एकदम सुचलं. समोर चेहरा आला की घोटाळा होतो ना? मग समोर चेहराच यायला नको.

दुपारी आमच्या व्हरांड्यात मी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी-शेजारी लावल्या, भिंतीकडे तोंड करून. एकीवर तिला बसवलं, तिच्या उजवीकडे नवऱ्याला.

"ही जिप्सी," मी जाहीर केलं. "भाऊ, गाडी चालवा."

"कुठी?"

"मोहर्ली गेटमधून आत. सरळ. बाई, तुम्ही आज मागे वळायचं नाही. मागे टुरिस्टच नाहीत. समोर रस्त्याकडे बघायचं."

"रस्ता कुठी आहे? कॅलेंडर आहे."

"मग कॅलेंडरकडे बघा."

नवऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं. व्हरांडाभर पेशंट. सिंदेवाहीकडची एक बाई, डोळ्यात धानाचं कुसळ गेलेली, उघड्या डोळ्यानं टक लावून बघत होती. पण माणूस भला. त्यानं दोन्ही हात हवेत धरले, आणि खरं सांगते, पाय क्लचवर ठेवला.

फोन वाजला. मी तो तिच्या बाजूला धरला, असा की साहेबांना तिचा चेहरा कडेनं दिसावा आणि तिला साहेब दिसूच नयेत.

"पेशंटनं समोर बघावं."

"साहेब, त्यांच्या डोळ्याला उजेड सोसत नाही," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. नाखुन्याला उजेड त्रास देतो, मी फक्त तो त्रास योग्य वेळी आठवला.

"बरं. ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं?"

ती कॅलेंडरकडे बघत होती. नवऱ्याचे हात स्टिअरिंगवर किंचित वळले. बहुधा वळण आलं असावं.

"डाव्या," ती म्हणाली.

"नक्की?"

आणि तिची मान वळायला लागली. चांगल्या वळणाची बाई, कोणी बोललं की त्याच्याकडे बघून उत्तर द्यायची सवय. मान फोनकडे येत होती. बोलायची मला बंदी होती, नवऱ्यालाही होती. त्यानं काय करावं? करकचून ब्रेक दाबला. त्याचं सगळं अंग पुढे गेलं, खुर्ची फरशीवर किरकिरली, आणि तिनं सवयीनं झटकन समोर पाहिलं.

"नक्की. डावा. नाकाच्या बाजूनं," ती कॅलेंडरला म्हणाली.

"जुळलं," साहेब म्हणाले, आणि चेहरा गेला.

कुसळवाली बाई शेजारणीला विचारत होती, "संपलं का इतक्यात?"

चार वाजता मंजुरी स्क्रीनवर उमटेपर्यंत मी किती फेऱ्या मारल्या ते मावशीला विचारा. उमटली, आणि नागपूरच्या डॉक्टरांच्या खेपेत तिचा नंबर लागला.

ऑपरेशनच्या सकाळी मला नवीच धास्ती. आत टेबलावर तिला कोणी समोरून विचारलं तर? मी थेट आत जाऊन सिस्टरला बाजूला घेतलं. "हिला तोंडी विचारू नका. बोट लावायला सांगा."

"ताई," सिस्टर म्हणाली, "आमी सगळ्याईलेच बोट लावाले सांगतो. मंग भुवईवर खूण करतो. तुमी बाहेर बसा."

मी बाहेर आले. नवरा बाकावर होता, गुडघे हलवत. मी उभी राहून त्याला सोबत केली.

"मॅडम, एक सांगू?" तो समोरच्या दाराकडे बघत म्हणाला. "तो खुंट मलेही वाघच वाटला होता."

"मग हसलात कशाला?"

"टुरिस्ट हसले, मंग मीबी हसलो. ड्रायव्हरनं काय करावं?"

"तिला सांगितलं?"

"नाई. तुमी पण नका सांगू."

पट्टी बांधून तिला बाहेर आणलं तेव्हा मी तिच्या कानात पहिली गोष्ट तीच सांगितली. एका डोळ्यानं तिनं नवऱ्याकडे जे पाहिलं, त्याला माझ्या यादीत कोड नाही.

मग भरण्याचे दिवस. ती ठरलेल्या दिवशी यायची, डोळा टोमॅटोसारखा लाल, मग गुलाबी, मग कोपऱ्यात नुसती एक लालसर रेघ. प्रत्येक वेळी डॉक्टरांकडून निघाली की माझ्या टेबलाशी यायची आणि एकच विचारायची: "गेट उघडन तवर होते ना?" मी म्हणायचे, डॉक्टरांना विचार. ती म्हणायची, ते 'बघू' म्हणतात, 'बघू' म्हंजे काय लिवता तुमी?

सप्टेंबरच्या शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी तिला समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. मी दारात उभी होते. कामाशिवाय, हे कबूल. उजवा डोळा झाकून ती वरून वाचत वाचत खाली आली, बारीक ओळीवर अडखळली, परत वाचली. डॉक्टर म्हणाले, "पहिला आठवडा घरी थांबलात तर बरं."

"डॉक्टर, पह्यल्या आठवड्यात धूळ कुठी राहते? रस्ते वले राहते. पाऊसबी येऊन जाते. धूळ तं दिवाळीनंतर. मी तवा घरी राहीन."

"दिवाळीनंतर राहाल?"

"नाई," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

डॉक्टरांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग लिहिलं: पूर्ण झाकणारा चष्मा लावून काम करण्यास हरकत नाही. थेंब चालू. महिन्यानं तपासणी.

ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी त्या दिवसाची नोंद करत होते.

"आता काय लिवलं मले? एच?"

"नाही. एच काढून टाकलाय. आता नुसती 'उपचारानंतरची तपासणी'. त्याचा वेगळा कोड."

"म्हंजे आजार नाई."

"आज नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला असं अर्धवट बोलता येतं, पण तिला अर्धवट ऐकता येत नाही. "परत येते का हे?"

"काहींना येतं. धूळ, ऊन. म्हणून चष्मा, म्हणून तपासणी."

"आन आलं तर काय लिवसान?"

"तर पुन्हा एच."

तिनं नखानं टेबलाची कड खरवडली. मी तिला सांगू शकले असते की येणार नाही. पण तसं लिहायची सोय माझ्या यादीत नाही आणि तोंडी सांगायची मला हिंमत झाली नाही. ती उठली, नवा चष्मा चढवला, कडेनं बंद असलेला, वेल्डिंगवाल्यासारखा. "लोक म्हनतीन हिले दिसते का," ती म्हणाली आणि गेली.

ऑक्टोबरात गेट उघडायच्या पहाटे माझा फोन वाजला. मी जागीच होते. मी या दिवसांत अशीही पाचला उठून घरभर फिरते.

"ताई, पह्यल्याच पाळीत नंबर लागला."

मागे इंजिनांचा आवाज, कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं.

"अरे वा! काय दिसलं?"

"काहीच नाई. अजून आत गेलोच नाई. गेट बंद आहे."

"मग फोन कशाला केला?"

"करमून नाई राह्यलं, ताई. कधीची उभी आहो. चष्म्याले वाफ येते, पुसते, मंग परत येते. झाडाकडे पाहून राह्यली. एक डोळा झाकते, मंग दुसरा झाकते. हे म्हनते, गप बस, टुरिस्ट पाहून राह्यले."

"चुरचुरतं का?"

"थोडं. चुरचुरते का नाई, तेच समजत नाई. तुमाले काय वाटते?"

मला काय वाटणार? मी माझ्या स्वयंपाकघरात, ती तिकडे दवात. मी म्हणाले, थेंब टाकले का? ती म्हणाली, टाकले. मी म्हणाले, मग चष्मा काढू नको. ती म्हणाली, नाई काढत. आणि मग आम्ही दोघीही तशाच फोनवर राहिलो, इंजिनं ऐकत.

"उघडलं, उघडलं," ती एकदम म्हणाली. "ठेवते ताई, फोन इथंच जमा करा लागते, आत नेऊ देत नाई..."

आणि वाक्याच्या मध्येच ठेवला. पाळी संपेपर्यंत ती बाहेर येणार नाही हे माहीत असून मी सात वाजता लावला, आठला परत लावला.